गाडगेबाबांचे शेवटचे कीर्तन

मंडळी, दिवाळी सरली, धान कापणीला आले की आपल्या झाडीपट्टीत मंडईचे दिवस सुरू होतात. अड्याळ घ्या, पवनी घ्या, नाहीतर भंडाऱ्याच्या वाटेवरचे कोणतेही गाव घ्या. ढोलकी वाजू लागते, रात्रभर दंडार चालते, खडी गंमत रंगते, आणि दिवसभर विळा चालवून दमलेला माणूसही पहाटेपर्यंत जागेवरून हलत नाही. हे कोण घडवून आणतो? मध्यभागी एक माणूस उभा असतो. तो ठेका धरतो, साथीदारांना उचलतो, बसलेल्या लोकांना डोलायला लावतो. तो थकला की खेळ थकतो. गावाला त्याचे गाणे आठवते, त्याची नक्कल आठवते. त्याच्या छातीत दम उरला आहे की नाही, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही.

अशाच एका माणसाची हकीकत आज सांगायची आहे. त्याने जवळजवळ पन्नास वर्षे लोकांना गायला लावले, टाळ्या धरायला लावले, नाचायला लावले. त्याच्याजवळ ना फड होता, ना पेटी, ना तबला. शरीर पार खचले होते, मरण सहा आठवड्यांवर येऊन ठेपले होते, तरी तो पुन्हा एकदा लोकांपुढे उभा राहिला. ते त्याचे शेवटचे कीर्तन. तारीख 8 नोव्हेंबर 1956, ठिकाण मुंबईतील बांद्रा पोलीस ठाणे, आणि माणूस म्हणजे आपल्या विदर्भाचे गाडगेबाबा.

बाबांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म 23 फेब्रुवारी 1876, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा, परीट कुटुंबातला. बाप दारूपायी गेला. पोर आईबरोबर मूर्तिजापूर तालुक्यात दापुऱ्याला मामाच्या घरी वाढले. गुरे राखली, नांगर धरला, शेतीत हात इतका बसला की गावात नाव झाले. पण मामाची जमीन सावकाराच्या कागदात अडकली आणि हातची गेली. अक्षर न कळणाऱ्या माणसाच्या अंगठ्याने काय होते, ते डेबूजीने घरातच पाहिले. दारू आणि कर्ज या दोन गोष्टी पुढे त्यांच्या प्रत्येक कीर्तनात का येत, त्याचे मूळ इथे आहे. ऐकीव उपदेश नव्हता तो, घरचा अनुभव होता.

त्या काळी जातीचा रिवाज असा की मूल जन्मले की बारशाला दारू आणि मटणाचे जेवण घालायचे. ऐपत नसेल तर कर्ज काढून घालायचे. डेबूजीला पहिली मुलगी झाली, तेव्हा भाऊबंद पानावर बसले, आणि पानात पडले बुंदीचे लाडू! लोक रागावले, कुरबुरले, पण जेवून गेले. समारंभ मोडायचा नाही, त्यातले वाईट तेवढे काढून टाकायचे, ही त्यांची रीत तेव्हापासूनची. पुढे त्यांनी कीर्तनालाही तीच रीत लावली.

1 फेब्रुवारी 1905 रोजी त्यांनी घर सोडले. अंगात चिंध्या शिवून केलेला अंगरखा, हातात खराटा आणि डोक्यावर फुटक्या मडक्याचे खापर. त्याच खापरात भाकरी घ्यायची, त्यातच पाणी प्यायचे. त्या गाडग्यावरून नाव पडले गाडगेबाबा. गावात शिरले की आधी रस्ते झाडायचे, गटारे साफ करायची. लोक बघत, हसत, मग एखादा लाजून फावडे घेऊन येई, त्याच्यामागे दुसरा येई. संध्याकाळपर्यंत गाव स्वच्छ होई, आणि रात्री त्या स्वच्छ जागेवर कीर्तन उभे राही.

आता हे कीर्तन कसे असे, ते नीट समजून घेऊ. शिक्षकबंधूंनी तर इथे विशेष लक्ष द्यावे.

आपल्याकडे नारदीय कीर्तनाला ठरलेली चौकट आहे. पूर्वरंगात अभंगाचे निरूपण, उत्तररंगात आख्यान. बुवांच्या अंगावर उपरणे, डोक्याला पगडी, मागे पेटी आणि तबला. वारकरी कीर्तनात टाळकरी मागे ओळीने उभे राहतात, मृदंग घुमतो, पावले पडतात. बाबांनी या दोन्हींतले जेवढे लागेल तेवढे उचलले आणि बाकीचे दाराबाहेर ठेवले. वाद्य मिळाले तर ठीक, न मिळाले तर हातात दोन दगड घेऊन त्यांवर ताल धरायचा. टाळी तर प्रत्येकाजवळ असतेच. देवकीनंदनाच्या नावाचा गजर ते सुरू करीत आणि तो हजारो माणसे उचलून धरीत. गजर चढत जाई, बाबा डोलत, पुढेमागे होत, मधेच हात वर करून थांबवीत. एका क्षणात सारे शांत! त्या शांततेत ते एक प्रश्न टाकीत.

त्यांचे निरूपण असे प्रश्नांतूनच चाले. देव किती, असे ते विचारीत. लोक एका सुरात सांगत, एक. मग तुमच्या गावात खंडोबा आहे का? आहे. मरीआई आहे का? आहे. म्हसोबा? तोही आहे. मोजा बरे, किती झाले? लोक हसत, आणि हसता हसता आपल्याच उत्तरात सापडत. बकरे कापून देव प्रसन्न होतो का, कर्ज काढून तेरवी घातली तर मेलेल्याच्या पोटात जाते का, पोथीतली बुडालेली नाव पूजेने वर येते तर समुद्रात बुडालेली जहाजे का येत नाहीत, असे त्यांचे सवाल असत. उत्तर ते स्वतः देत नसत, समोरच्याच्या तोंडून काढून घेत. भाषा वऱ्हाडी, जशी बाजारात बोलतात तशी. आणि प्रश्नांचा ताण फार झाला असे दिसले की पुन्हा गजर, पुन्हा टाळ्या. लोक मोकळे होत आणि पुढच्या प्रश्नाला तयार होत.

पाहा, यात केवढी कारागिरी आहे! ठेका माणसाला एकत्र आणतो, प्रश्न त्याला जागा करतो. नुसता ठेका असता तर करमणूक झाली असती, नुसते प्रश्न असते तर माणसे उठून गेली असती. बाबांना लिहिता वाचता येत नव्हते. पण हजारो माणसांचा वर्ग रात्रभर एका जागी बसवून ठेवायची विद्या त्यांच्याजवळ होती.

या कीर्तनांनी काय उभे राहिले? पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू या ठिकाणी धर्मशाळा झाल्या. पूर्णा नदीवर ऋणमोचनला घाट बांधला गेला. पैसा लोकांनी दिला, पण बाबांच्या घरात त्यातला एक पैसा गेला नाही. पत्नी कुंताबाईंनी झोपडीतच दिवस काढले. एकुलता मुलगा गोविंद वारल्याची बातमी बाबांना कीर्तन चालू असताना कळली, आणि तरीही त्यांनी कीर्तन पुरे केले, असे चरित्रकार सांगतात. 1952 साली त्यांच्या कामाची घडी बसावी म्हणून गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली. 1954 साली कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेने कराडला महाविद्यालय काढले आणि त्याला बाबांचे नाव दिले. अक्षरशत्रू माणसाच्या नावाने महाविद्यालय! बाबांना शाळेविषयी काय वाटत होते, हे ज्यांना ठाऊक होते त्यांना त्याचे नवल वाटले नसेल.

आता त्या नोव्हेंबरकडे येऊ.

1956 सालचा तो पंधरवडा आपल्या भंडाऱ्याच्या दृष्टीनेही साधा नव्हता. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात आले. त्यांत आपला भंडाराही होता. तेव्हा गोंदिया वेगळा झालेला नव्हता, तो 1999 साली झाला. म्हणजे अड्याळचा शेतकरी आदल्या दिवशी मध्य प्रदेशचा होता आणि दुसऱ्या दिवशी मुंबई राज्याचा झाला. त्याच आठवड्यात दिवाळी होती. इकडे मंडईचे ढोल वाजत होते, आणि तिकडे मुंबईत, नव्याने आपल्या झालेल्या राजधानीत, विदर्भाचा एक म्हातारा बांद्र्याच्या पोलीस ठाण्यात कीर्तनाला उभा राहत होता.

त्याच्या थोडे आधी, 14 ऑक्टोबरला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात लाखो लोकांसह बौद्ध धर्माची दीक्षा घेतली होती. बाबासाहेब आणि गाडगेबाबा यांचा स्नेह जुना होता. पंढरपूरला अस्पृश्य यात्रेकरूंना उतरायला जागा नसे, म्हणून बाबांनी चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा बांधली होती. ती त्यांनी 1949 साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. पंढरपूरच्या वाटेवरचा एक आणि देवळाकडे पाठ फिरवलेला दुसरा. पण गरिबाचे पोर शिकले पाहिजे, या एका जागी दोघांची गाठ पक्की होती.

बाबा तेव्हा ऐंशी वर्षे ओलांडून गेले होते. आजार बळावला होता. चालणे, उभे राहणे, दोन्ही कठीण झाले होते. दुसरा कोणी असता तर अंथरुणाला पाठ टेकली असती, आणि लोकांनी दर्शनाला रांग लावली असती. पण बाबा कोणाला पाया पडू देत नसत, हे सर्वांना ठाऊक होते. त्यांना भेटायचे तर कीर्तनात यावे लागे. तेव्हा त्यांनी कीर्तनच केले.

जागा पाहा, पोलीस ठाणे! समोर नेहमीचे खेडूत नव्हते. पोलीस शिपाई, त्यांची बायकापोरे, आसपासचे कामकरी. पण तुम्ही म्हणाल, हे लोक तरी कुठले? कोकण, घाट, खानदेश सोडून पोटासाठी मुंबईला आलेलेच ते. गावचा रिवाज, गावचे कर्ज, गावची दारू, सारे त्यांच्याबरोबर मुंबईला आले होते. बाबांना प्रश्न बदलावे लागले नाहीत.

या कीर्तनाचे ध्वनिमुद्रण झाले, ही मोठी भाग्याची गोष्ट. नाहीतर पन्नास वर्षांची हजारो कीर्तने वाऱ्यावर गेली. ज्यांनी ऐकली ती पिढीही गेली. हे एक मात्र राहिले, आणि ते आज खेड्यातल्या मोबाईलवरही ऐकता येते. ऐकाल तेव्हा दोन गोष्टी ध्यानात घ्या. एक म्हणजे तो आवाज. खरखरीत, वयाने चिरलेला. श्वास अपुरा पडणारा माणूस वाक्य तोडून तोडून बोलतो, पण प्रश्न फेकताना त्याचा नेम चुकत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे लोकांचा प्रतिसाद. गजर त्यांच्या तोंडून उठतो, उत्तरे त्यांच्या तोंडून येतात. अर्धे कीर्तन बाबांचे आहे, अर्धे त्यांचे.

आणि विषय कोणता? जाणारा माणूस साहजिकच निरोपाचे बोलेल, असे आपल्याला वाटते. आपण केलेल्या कामाची उजळणी करील, मागे राहणाऱ्यांना आपली आठवण ठेवायला सांगेल. इथे तसे काही नाही. नेहमीचेच बोलणे आहे. देव दगडात शोधू नका. माणसाला शिवल्याने विटाळ होतो असे मानू नका. आणि सर्वांत जोर आहे तो शिक्षणावर. पैसा नसेल तर घरातले जेवणाचे ताट मोडा आणि भाकरी हातावर घेऊन खा, बायकोला लुगडे हलक्या भावाचे घ्या, पण मुलाला शाळेत घातल्यावाचून राहू नका, असा त्या बोलण्याचा आशय. विद्येने माणूस कुठवर जातो याचा दाखला म्हणून त्यांनी नाव घेतले ते बाबासाहेबांचे. पिढ्यान्पिढ्या ज्यांना वेशीबाहेर ठेवले त्यांच्यातला मुलगा शिकला आणि त्याने देशाची घटना लिहिली, याहून मोठा दाखला कोणता द्यायचा?

आपला भंडारा पितळेच्या भांड्यांचा जिल्हा. ताट मोडणे म्हणजे काय, हे आपल्याला दुसऱ्याने सांगायला नको. लग्नात आलेले, आईच्या नावाचे ताट मोडीत घालताना बाईच्या जिवाला काय होते, ते घराघरात ठाऊक आहे. बाबांनी मुद्दाम तीच वस्तू निवडली. सोन्याचे दागिने विका असे ते म्हणाले नाहीत, कारण समोरच्यांच्या घरी सोने नव्हते. जे होते त्याचेच नाव त्यांनी घेतले. ज्याच्याजवळ एक ताट आहे त्यालाही सबब राहू नये, अशी ती निवड होती.

त्या कीर्तनानंतर चार आठवड्यांनी, 6 डिसेंबर 1956 रोजी, दिल्लीत बाबासाहेबांचे निधन झाले. ज्यांचा दाखला दिला तेच आधी गेले. पुढच्या चौदा दिवसांत बाबांचीही यात्रा संपली. मार्गशीर्षातल्या थंडीत त्यांना मोटारीने अमरावतीकडे नेत होते. वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर, 20 डिसेंबरच्या मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळात, त्यांचा प्राण गेला. घर सोडलेल्या माणसाला मरण आले ते रस्त्यावर, आणि तेही आपल्या मुलखात. अमरावतीला त्यांचे अंत्यसंस्कार झाले. आज तो भाग गाडगेनगर म्हणून ओळखला जातो.

आता या इतिहासाचा आपल्याशी संबंध काय, हे पाहू. कारण नुसत्या तारखा सांगून उठायचे तर बाबांचे नाव तरी कशाला घ्यायचे?

माझे देऊळ बांधू नका, मूर्ती करू नका, माझा कोणी चेला नाही, हे ते आयुष्यभर सांगत आले. आपण त्यांचे पुतळे उभे केले. 1998 साली टपाल तिकीट निघाले. 2000 सालापासून त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले, आणि त्यातून खेडोपाडी खरोखरीच काम झाले. पुढे अमरावती विद्यापीठालाही त्यांचे नाव मिळाले. हे सारे आदरापोटी झाले, त्याला नाव ठेवण्याचे कारण नाही. पण एक हिशेब सांगतो. बाबांच्या हातात खराटा होता, तो आपण घेतला. त्यांच्या तोंडी प्रश्न होते, ते आपण घेतले का? रस्ता झाडणे त्या मानाने सोपे. लग्नाला, तेरवीला, नवसाला कर्ज काढताना, आपले आपल्यालाच विचारणे, की बाबा रे, हे कोणासाठी? ते अवघड. भाऊबंद काय म्हणतील, ही भीती डेबूजीच्या काळी होती, तशी आजही आहे. त्याने पानात लाडू वाढले, आणि आभाळ कोसळले नाही.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक सुचवावेसे वाटते. 20 डिसेंबरला पुण्यतिथी येते. मुलांना रांगेत उभे करून भाषणे ऐकवण्यापेक्षा या शेवटच्या कीर्तनातली दहा मिनिटे त्यांना ऐकवा. गजर आला की त्यांना टाळ्या धरू द्या, डोलायचे तर डोलू द्या. मुले लाजत नाहीत, लाजतो आपण. मग आवाज थांबवा आणि बाबांच्याच पद्धतीने एखादा प्रश्न टाका. आपल्या गावात कोणत्या कामासाठी कर्ज काढले जाते? कोणाचे नाव पटावर आहे आणि पोर मात्र धानाच्या बांधीवर आहे? उत्तर तुम्ही सांगू नका. वर्ग शांत झाला तर होऊ द्या. शांततेला बाबा कधी भ्याले नाहीत.

आणि शेतकरी मंडळींनो, यंदा मंडईला दंडार बघायला बसाल, तेव्हा मध्ये उभ्या असलेल्या त्या ढोलकीवाल्याकडे, त्या गाणाऱ्याकडे जरा नीट बघा. गावातल्या माणसांना एका ठेक्यावर आणणारा माणूस फार मोठे काम करीत असतो. तो म्हातारा झाला असेल, दमा लागत असेल, तर त्याची विचारपूस करा, औषधपाण्याचे बघा, आणि त्याचे गाणे जमले तर साठवून ठेवा. बाबांचे एक कीर्तन कोणीतरी साठवले, म्हणून आज आपण त्यांचा आवाज ऐकतो. आपल्या गावच्या म्हाताऱ्याचे गाणे साठवायला बांद्र्याहून कोणी येणार नाही.